देव्हाऱ्यामागची डबी

गेली सत्तावीस वर्षं मी लोकांच्या टेबलाखाली काढली. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या निम्म्या वकिलांचे, डॉक्टरांचे आणि क्लासवाल्यांचे चेहरे आता नीट आठवत नाहीत, पण त्यांच्या टेबलाखाली काय असतं ते मला विचारा. जुन्या चपला, शेंगदाण्याची टरफलं, दोन वर्षांपूर्वी हरवली म्हणून घरच्यांवर आळ घेतलेली किल्ली, आणि एका दातांच्या डॉक्टरांच्या टेबलाखाली चॉकलेटचे ओंजळभर कागद. माझे गुडघे गेले ते तिथेच.

धंदा थोडक्यात सांगतो. छोट्या ऑफिसात चार कॉम्प्युटर असतात आणि प्रिंटर एकच. तो एका मशीनला जोडलेला असतो, बाकीच्या तिघांनी तो आपल्या जागेवरून वापरायचा असतो. फायलींचंही तेच. सगळ्या एका मशीनवर ठेवायच्या आणि प्रत्येकाने आपापल्या खुर्चीवरून उघडायच्या. शेजारणीचा मिक्सर सगळ्या मजल्याने वापरावा तसा हा प्रकार आहे. शेजारीण घरात आहे, दार उघडं आहे आणि वीज आहे, तोवर सगळ्यांची चटणी होते. यातलं एक चुकलं की मला फोन येतो.

ही मशीनं एकमेकांना जोडायला एक छोटी डबी असते, जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढी. सगळ्या वायरी तिच्यात येतात आणि तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकतात. आम्ही धंद्यातली माणसं तिला स्विच म्हणतो. पण पुढे विजेच्या बटणाचाही विषय येणार आहे, म्हणून घोळ नको, मी तिला डबीच म्हणेन.

गमती पुष्कळ झाल्या. एका इमारतीत खाली दवाखाना आणि वर क्लास होता. दोघांनी मिळून एकच कनेक्शन घेतलं, आणि एके दिवशी दवाखान्यातल्या प्रिंटरमधून बारावीच्या फिजिक्सचे प्रश्न बाहेर आले. गर्दीच्या वेळी कोणी पाहिलं नाही. पेशंट तो कागद घेऊन औषधाच्या दुकानात गेला. दुकानदाराने तो शांतपणे वाचला आणि म्हणाला, "पावणं, ह्यातलं येक बी औषध आमच्याकडं न्हाय." गडहिंग्लजच्या एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याने तर "सगळं नेटवर्कच झोपलंय" म्हणून मला बोलावून घेतलं. मी भर उन्हात मोटारसायकल हाणत गेलो, तर प्रिंटरमध्ये कागद नव्हता. तो माणूस इतका ओशाळला की जेवल्याशिवाय त्याने मला सोडलं नाही.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. जिच्यासाठी हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यात चूक माझी आहे.

आमचे अब्बा टाइपरायटर दुरुस्त करायचे. कोर्टाच्या कामांचे जेवढे टायपिस्ट कोल्हापुरात होते, ते सगळे त्यांना ओळखायचे. त्यांची एक सवय होती. गिऱ्हाईक कितीही घाई करू दे, मशीनला हात लावल्याशिवाय ते काय बिघडलंय हे सांगत नसत. "आदी हात लाव, मग तोंड उघड," असं मलाही सांगायचे. मी शिकलो सगळं, पण हे शिकायला वेळ लागला.

अब्बांच्या गिऱ्हाइकांपैकी एक होत्या शालनअक्का. नाव मी बदललं आहे. राजारामपुरीतल्या एका वकिलांच्या ऑफिसात त्या टायपिस्ट होत्या. वकिलांना सगळे साहेब म्हणायचे, मीही म्हणायचो. अक्का तिशीच्या आत तिथे लागल्या, टाइपरायटरवर बसल्या, पुढे कॉम्प्युटर आला तर त्यावर बसल्या. कॉम्प्युटर मीच बसवला होता. साहेबांच्या सूनबाईही वकील झाल्या, दोन ज्युनिअर आले, तशी चार मशीनं झाली. प्रिंटर आणि सगळ्या फायली अक्कांच्या मशीनवर. शपथपत्र असो, नोटीस असो, खरेदीखत असो, ऑफिसातला प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून जायचा.

अक्का कपाळभर कुंकू लावायच्या. गळ्यात मंगळसूत्र. त्यांचे मालक गुजरातेत कुठल्याशा कारखान्यात कामाला असतात, रजा मिळत नाही, असं सगळ्यांना माहीत होतं. कोणी फार विचारत नसे आणि त्या फार सांगत नसत.

ऑफिसात एक छोटा देव्हारा होता. अंबाबाईचा फोटो, जोतिबाचा फोटो, पुढे विजेवरचा लहान दिवा. ऑफिस सकाळी अक्का उघडायच्या. झाडलोट झाली की त्या फुलं वाहायच्या, उदबत्ती लावायच्या आणि दिव्याचं बटण दाबायच्या. संध्याकाळी सगळ्यात शेवटी साहेब निघायचे. ते देव्हाऱ्यापुढे हात जोडायचे आणि दिवा बंद करून कुलूप लावायचे. शेजारच्या गल्लीत एकदा रात्रभर चालू राहिलेल्या दिव्याने दुकान पेटलं होतं, तेव्हापासूनचा त्यांचा हा नेम. सकाळ अक्कांची आणि संध्याकाळ साहेबांची. वर्षानुवर्षं यात खंड नव्हता.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मंगळवारी सूनबाईंचा, म्हणजे मॅडमचा, मला फोन आला. कालपासून कोणाच्याच मशीनवरून प्रिंट निघत नव्हती. फायलीही उघडत नव्हत्या. मी तेव्हा दुसरीकडे एका टेबलाखाली होतो. तसाच आडवा पडून विचारलं, "अक्कांच्या मशीनवरून निघते का?"

"हो, त्यांच्यावरून निघते. फायलीपण त्यांच्याकडे उघडतात. फक्त आमच्याकडे नाही."

"मग अक्कांच्या मशीनमध्येच घोळ आहे," मी म्हणालो. "काहीतरी सेटिंग बदललं गेलं असणार. त्यांच्या हातून काही दाबलं गेलंय का बघा."

फोन स्पीकरवर होता, हे मला नंतर कळलं. सगळं ऑफिस ऐकत होतं, अक्काही ऐकत होत्या. अब्बा असते तर त्यांनी माझ्या कानाखाली आवाज काढला असता.

त्या दिवशी मी गेलो नाही, उद्या येतो म्हणालो. ऑफिसवाले पेनड्राइव्हवर काम रेटत होते. आपल्या जागेवर लिहायचं, पेनड्राइव्हमध्ये घ्यायचं, अक्कांच्या मशीनला लावायचं, प्रिंट काढायची. त्या धांदलीत शाहूवाडीहून आलेल्या एका म्हाताऱ्या अशिलाच्या शपथपत्राचा जुना मसुदा छापला गेला. त्यात जमिनीचा गट नंबर चुकीचा होता. त्याने सही केली, नोटरीचा शिक्का बसला, आणि मग चूक ध्यानात आली. म्हाताऱ्याला परत जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीने यावं लागणार होतं. मॅडम चिडल्या, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. त्या साहेबांना म्हणाल्या, "अक्कांचं वय झालंय. त्यांना आता हे झेपत नाही. या महिनाअखेर त्यांना सन्मानाने निरोप देऊ या." पार्टिशन प्लायवूडचं होतं. अक्कांना शब्द न् शब्द ऐकू आला.

बुधवारी साडेनऊला मी गेलो. ऑफिसात अक्का एकट्याच होत्या. नेहमी दारातच "या बशीरभाई, चहा टाकतो" म्हणायच्या, त्या दिवशी गप्प बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत सगळी मशीनं चालू केली आणि टेबलाखाली शिरलो.

आत शिरल्या शिरल्या माझी मला लाज वाटली. मशीनमागे जिथे वायर बसते तिथे एक बारीक दिवा असतो. तो बंद होता. मॅडमच्या मशीनवरचा बंद, दोन्ही ज्युनिअरांचे बंद. म्हणजे अक्कांच्या मशीनचा काही संबंध नव्हता. चौघांना जोडणारी डबीच मेली होती. ती दोन पावलं येऊन बघायला मला एक मिनिट लागलं असतं, आणि ते मिनिट वाचवायला मी फोनवरून निकाल देऊन मोकळा झालो होतो.

आता डबी शोधायची. ती मीच बसवली होती, पण कुठे, ते आठवेना. मधे ऑफिसला रंग झाला होता, सुताराने नवं फर्निचर केलं होतं. मी वायर धरून भिंतीकडेने गुडघ्यांवर सरकत गेलो. वायर कपाटामागून वर चढली आणि थेट देव्हाऱ्यात शिरली.

तेव्हा लख्ख आठवलं. डबीला वीज द्यायला त्या वेळी एकच प्लग मोकळा होता, देवाच्या दिव्याच्या बोर्डावर. दोन दिवसांत वायरमनला सांगून वेगळा पॉइंट काढू, असं म्हणत मी डबी फोटोच्या मागे ठेवून दिली होती. बोर्डाला बटण एकच, त्याच्यावर दिवाही चालायचा आणि डबीही. ते दोन दिवस कधी संपलेच नाहीत. सुताराने पुढे प्लायवूड ठोकलं आणि डबी देवामागे गडप झाली. इतकी वर्षं त्या ऑफिसचं नेटवर्क सकाळी अक्कांच्या हाताने सुरू होत होतं आणि संध्याकाळी साहेबांच्या हाताने बंद होत होतं, आणि हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी वर पाहिलं. देवापुढचा दिवा विझलेला. फुलं शनिवारची, सुकलेली.

"अक्का, दिवा का बंद?"

"बल्ब गेलाय," त्या म्हणाल्या. "वायरमनला सांगायचं हाय. सायबच म्हनले, ऱ्हाऊ दे, पुढच्या आठवड्यात बगू."

मी बटण दाबलं. दिवा लागला. प्लायवूडच्या फटीतून मागचे हिरवे दिवेही लुकलुकायला लागले. कोपऱ्यात प्रिंटर खाडकन जागा झाला आणि सोमवारपासून अडकलेले कागद एकामागून एक बाहेर टाकू लागला.

बल्बला काहीही झालं नव्हतं. मी अक्कांकडे वळलो. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"बशीरभाई," त्या म्हणाल्या, "मला सुतक हाय."

"कोणाचं?" मी विचारलं.

"मालक गेलं. रविवारी. वडगावात."

"गुजरातेत नव्हते?"

"कुटलं गुजरात. पेठ वडगावात हुतं की सव्वीस वर्सं. दुसरी केली, तिकडंच ऱ्हायलं. पोरंबाळं हायत त्यांना. हितनं मोजून तासाभराची वाट, पर येकदा बी आलं न्हाईत. लोकांस्नी काय सांगायचं? म्हनून मीच त्यास्नी गुजरातेला धाडलं. नणंदेनं फोन केला, तवा कळलं. तिकडं जायाला तोंड न्हाय, आनि हितं रडायला जागा न्हाय."

एकटी बाई घरी सुतक पाळत होती. पण सुतकात देवाला हात लावायचा नसतो. ऑफिसातला दिवा कसा लावायचा? दुसऱ्या कोणाला लावायला सांगितलं तर तो विचारणार, का? म्हणून त्यांनी दिवा लावलाच नाही, बल्ब गेला म्हणून सांगितलं. त्या एका न दाबलेल्या बटणापायी सगळं ऑफिस बंद पडलं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"कुंकू तसंच ठिवलंय बगा," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "पुसलं तर ईचारतील. आनि आता नोकरी बी जातीया. जाऊ दे. पर हे कुनाला सांगू नगासा. तीस वर्सं ह्या खुर्चीवर मान वर करून बसलोय मी."

मी विचारलं, "अक्का, सुतक कधीपर्यंत?"

"तेरावं होईस्तवर. म्हंजे पुढचा शुक्कर."

"तोवर दिवा मी लावला तर चालेल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुसलमान, आणि समोर अंबाबाई. मग त्या हसल्या, त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच असणार.

"बटनच हाय की वो. आनि तुमच्या अब्बांनी दर दसऱ्याला माझ्या टाइपरायटरला हार घातलाय, ते इसरलासा व्हय?"

साडेदहाला सगळे आले. मी मुद्दाम सगळ्यांसमोर, तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगितलं की अक्कांच्या मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता. बिघाड माझ्या कामात होता. डबीचं कनेक्शन मी चुकीच्या जागी दिलं होतं आणि काल फोनवर न बघता बोललो. यात एक अक्षर खोटं नव्हतं, फक्त पुरं नव्हतं. मॅडम सरळ बाई आहेत. त्या उठून अक्कांच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "अक्का, मी चुकले. राग मानू नका." निरोपाचा विषय तिथेच संपला. साहेब आपल्या खुर्चीवरून बघत होते.

"आता वेगळा पॉइंट काढून डबी तिकडे हलवा," मॅडम म्हणाल्या.

"हलवतो," मी म्हणालो, "पण मॅडम, जुनी डबी आहे. दहा-बारा दिवस रोज सकाळी येऊन बघावं लागेल."

नऊ दिवस मी रोज साडेनऊला हजर. रविवार तेवढा सुटीचा. अक्का कुलूप काढायच्या आणि देव्हाऱ्यापासून चार हात लांब उभ्या राहायच्या. मी कोपऱ्यावरून आणलेली फुलं ठेवायचो, बटण दाबायचो. उदबत्ती दोन वेळा माझ्याकडून विझली, तेव्हा "आवो, वारा घालू नगासा, नुसती हलवा" अशा सूचना लांबूनच यायच्या. मग चहा. पाचव्या दिवशी एका ज्युनिअरने विचारलं की एका डबीला इतकं काय बघायचं असतं. मी त्याला वीस मिनिटं असं काही तांत्रिक समजावून सांगितलं की त्याने पुन्हा विचारलं नाही. शनिवारी मी सवयीने गेलो, तर दिवा लागलेला होता आणि अक्का ताजी फुलं वाहत होत्या. त्याच दिवशी मी वायरमनला बोलावून डबी हलवली.

पुढे तीन वर्षं अक्का त्या खुर्चीवर बसल्या. त्या स्वतःच्या इच्छेने निवृत्त झाल्या, तेव्हा मॅडमनी त्यांना साडी नेसवली आणि साहेबांनी त्यांचा जुना टाइपरायटर त्यांना घरी नेऊन दिला. साहेब गेल्या वर्षी वारले.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी अक्कांच्या घरी गेलो होतो. परवानगी हवी होती. त्या ओसरीत मेथी निवडत बसल्या होत्या. कपाळावर आता काही नव्हतं.

"लिवा की," त्या म्हणाल्या. "नाव तेवडं बदला. आता कुनाला भ्यायचं?" मग हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "येक मातर वाईट वाटतंय बगा. सायबांचं मीठ खाल्लं तीस वर्सं. देवमानूस. त्येंच्या तोंडावर रोज खोटं बोलत ऱ्हायलो, मालक गुजरातेत हायत म्हनून. शेवटी बी खरं सांगायचं झालं न्हाय. गेलं बिचारं तसंच, फसून."

त्यावर मला बोलायचं होतं, पण तोंड उघडलं नाही. त्या मेथी निवडत राहिल्या, मी चहा घेतला आणि आलो. समोर बसून जे जमलं नाही ते इथे लिहितो.

तेराव्याच्या दिवशी, त्या शुक्रवारी, मी दिवा लावून बाहेर पडलो तर साहेब व्हरांड्यात उभे होते. एरवी साडेदहाच्या आत न येणारा माणूस पावणेदहाला हजर. मला म्हणाले, "बशीर, आज तेरावा न्हवं?"

मी पिशवी खाली ठेवून त्यांच्याजवळ गेलो.

"वडगावची अशिलं हायत माजी," ते हळू आवाजात म्हणाले. "पंचवीस वर्सं ठावं हाय मला. गेलं ते बी सोमवारीच कळलं. संध्याकाळी दिवा बंद करायला गेलतो, तर तो लागलाच नव्हता. मग समजलो. म्हनून तर वायरमनला बोलवू दिलं न्हाय."

"मग साहेब, तुम्हीच का नाही लावला?"

साहेबांनी खिडकीतून आत पाहिलं. अक्का टेबल पुसत होत्या.

"मी लावला असता की," ते म्हणाले. "पर मग तिला कळलं असतं, मला ठावं हाय म्हनून."